तेहतिसावं पान

हंबीरराव साळोखे हे पेठेतले सर्वांत मोठे वाचक होते. हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं, कारण हंबीररावांनीच ते सगळ्यांना सांगितलं होतं.

बावीस वर्षं, दर शनिवारी संध्याकाळी, धुतलेला सदरा आणि डोक्याला टोपी अशा थाटात ते पेठेतल्या वाचनालयात जात आणि एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी काखेत मारून परत येत. जिच्या मुखपृष्ठावर तलवार नाही ती कादंबरी उघडून बघायचं कारण त्यांना कधी दिसलं नव्हतं. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं पहिलं कपाट त्यांनी असं तीनदा वाचून काढलं होतं. त्याच त्या लढाया, तोच तो फितूर सरदार, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात चितेकडं निघालेली राणी. त्या राणीसाठी हंबीरराव तिन्ही वेळा रडले होते. बायकोला मात्र त्यांनी कधी डोळ्यांत पाणी दाखवलं नव्हतं, कारण घरात रडणं त्यांना पुरुषासारखं वाटत नसे.

पोटापाण्यासाठी ते मार्केट यार्डात एका अडत दुकानी गूळ पारखायचं काम करत. सकाळी सौदे निघायच्या आधी ढेपेचा कोपरा नखानं उचकटायचा, चिमटीभर जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "एक नंबर," किंवा, "चुना जास्त पडलाय, दोन नंबर." तीस किलोच्या ढेपेची सगळी हकीकत कोपऱ्यातल्या चिमटीत कळते, ही त्यांची श्रद्धा होती. गुळापुरती ती खरीही होती. बिद्रीकडच्या गुऱ्हाळवाल्यांपासून थेट गुजरातच्या व्यापाऱ्यांपर्यंत हंबीररावांच्या जिभेला मान होता, आणि माणसाच्या एका अवयवाला मान मिळाला की बाकीचेही तो आपलाच समजायला लागतात.

आता त्या वाचनालयातल्या खुणांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

नेहमीच्या वाचकाला एक अडचण असते. आपण हे पुस्तक पूर्वी नेलं होतं की नाही, ते काही वर्षांनी आठवत नाही. म्हणून प्रत्येकानं एक पान आणि एक खूण ठरवून टाकलेली असते. दूधवाले बाळासो एकविसाव्या पानावर फुली मारत. शेजारच्या धोंडुबाई पन्नासाव्या पानाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावत. भिंतीवर 'पुस्तकांवर खुणा करू नयेत' अशी पाटी होती, आणि त्या पाटीवरही कुणीतरी फुली मारून ठेवली होती. हंबीररावांची खूण तेहतिसाव्या पानावर असे. गोलात 'हं', हिरव्या शाईत. हळूहळू असं झालं, की लोक पुस्तक हातात घेतलं की नाव बघत नसत, तेहतिसावं पान बघत. तिथं हिरवा 'हं' असला तर ते पुस्तक बिनधोक घरी न्यायचं. हंबीररावांनी चाखलंय म्हटल्यावर आता आणखी काय बघायचं?

आणि हेही न्यायानं सांगितलं पाहिजे की बावीस वर्षांत हंबीररावांनी एकाही न वाचलेल्या पुस्तकावर 'हं' काढला नव्हता. अडतीत त्यांचा शब्द चाले आणि वाचनालयात त्यांची खूण. माणसाकडं एवढं असलं म्हणजे त्यानं गप्प बसावं. पण गप्प बसणं हा गुण त्यांच्या अंगी नव्हता.

सत्त्याण्णव साली वाचनालयात बुद्धभूषण कांबळे नावाचा नवा ग्रंथपाल आला. मूळचा कोडोलीचा, ग्रंथालयाची पदवी घेतलेला, वय सव्वीस-सत्तावीस. आल्या आल्या त्यानं एक उद्योग केला. तोवर वाचनालयात पुस्तकं उंचीप्रमाणं लावलेली असत, दिसायला ते नीटस दिसे. त्यानं ती विषयाप्रमाणं लावली आणि चौदा कपाटांवर चौदा चिठ्ठ्या चिकटवल्या. ऐतिहासिक कादंबऱ्या तेवढ्या पहिल्याच कपाटात राहिल्या, त्यांची उंची आधीपासूनच सारखी होती. कार्यकारी मंडळानं त्याला याचा जाब विचारायचं ठरवलं होतं, पण बैठकीला चहा उशिरा आला आणि विषय राहून गेला.

वर्षभर तो हंबीररावांना बघत होता. एका शनिवारी, पाच-सहा माणसं पेपर वाचत बसलेली असताना, पुस्तकावर तारखेचा शिक्का मारता मारता तो म्हणाला, "काका, एक इचारू काय? रागावू नगा."

"इचार की."

"बावीस वर्षांत तुमी पहिल्या कपाटाच्या म्होरं गेला न्हाईसा. रजिस्टर चाळताना दिसलं."

"म्होरं हाय काय?"

"तेरा कपाटं हायत."

पेपर वाचणाऱ्या पाच-सहा माणसांनी एकदम पानं उलटली. हंबीररावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या संध्याकाळी ते तीनऐवजी दोनच भाकऱ्या जेवले, आणि ते का, हे आक्काताईंनी विचारलं नाही म्हणून आणखी रागावले.

आक्काताई म्हणजे त्यांची बायको. दोन मुलं नोकरीधंद्याला बाहेरगावी गेलेली, घरात ही दोघंच. आक्काताई सातवी झालेल्या होत्या. नवऱ्यानं आणलेलं पुस्तक भाजी निवडता निवडता, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता त्याही वाचत. हंबीररावांचा समज असा होता की ती चित्रं बघते. ऐतिहासिक कादंबरीत चित्रं नसतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केलं, की येत्या पाडव्यापासून आपण 'वाचन संकल्प' सोडतोय. आठवड्याला एक कपाट, तेरा आठवड्यांत तेरा. "माणसानं रुची वाढवाय पायजे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांना आदल्या रात्री सुचलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. वाचनालयाच्या जूनमधल्या वाचक मेळाव्यात तेराही पुस्तकांवर बोलायचं, हेही त्यांनी वर ठोकून दिलं. कुणी मागितलं नव्हतं. दोनशे पानी वही आली, तिला खाकी कव्हर चढलं, पहिल्या पानावर 'श्री' आणि दुसऱ्यावर 'संकल्प' असं लिहून झालं. संकल्पाचा सर्वांत यशस्वी भाग तिथं संपला.

दुसऱ्या कपाटातली सामाजिक कादंबरी त्यांनी खरोखर मनापासून सुरू केली. पहिल्या पानावर एक माणूस खिडकीत बसला होता आणि विचार करत होता. दहाव्या पानावर तो विचार करत होता. चाळिसाव्या पानावर तो पाणी प्यायला उठला, तेव्हा हंबीररावांना वाटलं की आता काहीतरी होणार, पण तो परत येऊन बसला. ही माणसं कामाला कधी जातात, असा प्रश्न पडता पडता हंबीररावांचा डोळा लागला. असं चार दिवस झालं. शुक्रवार उजाडला, उद्या पुस्तक परत करायचं, आणि अजून पावणेदोनशे पानं बाकी होती.

त्यांनी हिरवं पेन काढलं आणि तेहतिसावं पान उघडलं. मग पेनाला परत टोपण लावलं. बावीस वर्षांत हे झालं नव्हतं. एकीकडं खूण खोटी ठरणार, दुसरीकडं अख्ख्या पेठेत केलेली घोषणा फुकट जाणार. आणि अशा वेळी त्यांना गुळानं वाट दाखवली. आपण ढेप अख्खी खातो का? कोपरा चाखतो. मग पुस्तक अख्खं वाचलंच पाहिजे हा हट्ट कुणाचा? चाळीस पानं म्हणजे चिमटीपेक्षा खूपच झालं. त्यांनी 'हं' काढला. गोल जरा वाकडा आला, नाही असं नाही. पेन नवं आहे, असं त्यांनी मनाला समजावलं.

पुढच्या आठवड्याला गोल वाकडा आला नाही. त्यानंतरच्या आठवड्याला पानंही चाळीस लागली नाहीत. कवितांच्या पुस्तकाला दोन पुरली. "वळी ल्हान, कागद वाया," असं मत त्यांनी वहीत नोंदवलं. नाटकाला एक पान. विज्ञानाच्या पुस्तकाचं मागचं कव्हर वाचूनच चव कळली. शनिवारी ते काउंटरवर पुस्तक ठेवत आणि मोठ्यानं गुळासारखी प्रत सांगत, "दोन नंबर." बुद्धभूषण शिक्का मारी आणि तेहतिसाव्या पानावर एक नजर टाकी. त्याची ती नजर हंबीररावांना पुस्तकांपेक्षा जड जाई.

इकडं खुणेनं आपलं काम सुरू केलं होतं. बाळासो दूधवाल्यांनी हिरवा 'हं' बघून कवितांचं पुस्तक घरी नेलं. तीन आठवडे ते काही दिसले नाहीत. मग एक दिवस भर रस्त्यात दुधाचा कॅन खाली ठेवून त्यांनी हंबीररावांना गाठलं.

"त्या पुस्तकात ते झाड हाय बगा."

"कुठलं झाड?"

"तुमी वाचलाईसा की. ते रडतंय ते. त्ये खरंच झाड हाय, का त्येचा बा हाय? मी बायकूला इचारलो, ती म्हनती झाडच हाय. मला वाटतंय बा हाय."

पारखी माणसाला थांबून चालत नाही. "बाच," हंबीरराव म्हणाले.

बाळासोंचा चेहरा असा उजळला की बघवेना. "मला वाटलंच. आमचा बा बी तसाच उभा ऱ्हायचा गोठ्याच्या दारात. काय बोलायचा न्हाई." त्यांनी कॅन उचलला आणि निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच हंबीररावांना अगदी थोडंसं चोरासारखं वाटलं, पण बाळासोंना आनंद झाला होता, आणि आनंद देणं वाईट असं कुठल्याच कपाटात लिहिलेलं नसणार.

धोंडुबाईंचं प्रकरण जरा वाढलं. सातव्या कपाटातल्या निसर्गोपचाराच्या पुस्तकावर 'हं' बघून त्यांनी घरादाराला आठ दिवस कच्चा दुधी खायला घातला. नवव्या दिवशी त्यांचा थोरला मुलगा हंबीररावांच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, तुमी सोता किती दिवस खाल्लासा?" हंबीररावांनी त्याला वाचनसंस्कृतीविषयी दोन शब्द सांगितले. तो ऐकायला थांबला नाही.

असं करत करत दहावा आठवडा आला आणि अकरावं कपाट. त्यावर चिठ्ठी होती, 'आत्मकथने'. हंबीररावांनी कपाटाकडं दुरूनच बघितलं. "ह्येंच्यात नुसतं दुःखच असतंय की रे," ते बुद्धभूषणला म्हणाले. "एक वाचलं म्हंजे सगळी वाचल्यागत."

हे आपण कुणासमोर बोलतोय याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती. बुद्धभूषणनं खालच्या कप्प्यातून एक पातळसं पुस्तक काढलं. त्याच्याच गावाकडच्या, शेतात मजुरी करणाऱ्या एका बाईनं सांगितलेलं आणि तिच्या लेकीनं लिहून, पदरमोड करून छापलेलं. बांधणारानंही जेमतेमच काम केलं होतं. "ह्ये न्या. आल्यापासनं एकानंबी नेलेलं न्हाई," तो म्हणाला. "चाखून बगा."

हंबीररावांनी ते घरी नेलं, शुक्रवारी उभ्या उभ्याच तेहतिसावं पान काढून 'हं' केला आणि टीव्हीवर ठेवून दिलं. मागच्या कव्हरवर 'दाहक' आणि 'अंतर्मुख करणारे' असे दोन शब्द होते. ते त्यांनी वहीत उतरवून घेतले. मात्र त्या शनिवारी पुस्तक टीव्हीवर सापडलं नाही. "ऱ्हाऊ दे अजून आठवडाभर," आक्काताई आतून म्हणाल्या. हंबीररावांनी मुदत वाढवून आणली. आठवड्याची तीनदा वाढवून आणली. बायको एवढी कसली चित्रं बघतेय, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी सकाळी मेळावा झाला. पन्नासेक माणसं होती, त्यातली वीस पोह्यांसाठी आलेली. हंबीरराव तास-दीड तास बोलले. तेरा पुस्तकांचे तेरा नंबर त्यांनी सांगितले. त्या बाईच्या पुस्तकाशी आल्यावर त्यांनी आवाज खाली आणला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "दाहक. माणसाला अंतर्मुख करणारं. ह्ये पुस्तक वाचून मी दोन दिवस जेवलो न्हाई. एक नंबर." टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी शाल आणि नारळ दिला. बुद्धभूषण मागच्या खांबाला टेकून उभा होता, त्यानं टाळी वाजवली की नाही ते दिसलं नाही. बायकांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर आक्काताई बसल्या होत्या. त्या अशा ठिकाणी कधी येत नसत. हंबीररावांना वाटलं, आपलं कौतुक बघायला आली.

घरी आल्यावर त्यांनी शाल न काढताच चहा मागितला. आक्काताईंनी कप पुढं ठेवला आणि स्वैपाकघरात परत न जाता समोरच्या पाटावर बसल्या. हे नेहमीचं नव्हतं.

"त्या बाईचं पुस्तक," त्या म्हणाल्या. "तुमी वाचलासा?"

"आत्ता दीड तास काय ऐकलीस मग? आनी खूण बघितली न्हाईस?"

"बघितली. म्हनून तर इचारायलोय." पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "त्ये हिरीवरचं वाचलासा?"

"वाचलं की. काळजाला भिडलं."

"मग कायबी आठवलं न्हाई तुमास्नी?"

हंबीररावांना विहिरीत काय होतं ते ठाऊक असतं तर प्रश्नच नव्हता. मजुरी करणारी बाई, विहीर, म्हणजे पाण्याचंच काहीतरी असणार, असा त्यांनी पटकन हिशेब लावला. "आपल्याला काय आठवायचं त्यात?" ते म्हणाले. "आपल्या घरात कुठं तसलं कायबी झालंय? दारात नळ हाय. द्येवाच्या दयेनं आपल्याला तसलं दुःख न्हाई."

आक्काताई त्यांच्याकडं बघत राहिल्या. तसं बघणं हंबीररावांनी फक्त सौद्यात बघितलं होतं, शेतकरी वर्षाची मेहनत पुढं ठेवतो आणि पारखी 'तीन नंबर' म्हणतो तेव्हाचं. मग त्या "बरं" म्हणाल्या, कपात निम्मा चहा असतानाच कप उचलला आणि आत गेल्या.

हंबीरराव शाल पांघरून बसून राहिले. बाहेर कुणीतरी अभिनंदनाला येईल असं त्यांना वाटत होतं, पण कुणी येईना, आणि ते 'बरं' काही डोक्यातून जाईना. दुपारी बायको पुन्हा विचारेल, तेव्हा निदान विहिरीत काय आहे ते माहीत असावं, म्हणून त्यांनी पुस्तक हुडकलं. ते भिंतीतल्या देवळीत, तेलाच्या बाटलीमागं होतं. तेहतिसावं पान उघडून हिरव्या 'हं' वरून नजर फिरवत त्यांनी ते उलटलं आणि त्यांचा हात थांबला.

पुढच्या पानांच्या वरच्या कडा वाकड्यातिकड्या कापलेल्या होत्या. कुठं नीट, कुठं दातरलेल्या, एका ठिकाणी कापता कापता अक्षरापर्यंत फाटलेल्या. तेहतिसाव्या पानापासून पुढं जवळजवळ शेवटपर्यंत तसंच. तिथून पुढं बांधणारानं त्या पुस्तकाच्या कडा कापल्याच नव्हत्या. पानं वरून एकमेकांना जोडलेलीच राहिली होती, आणि कुणीतरी स्वैपाकघरातली सुरी घेऊन ती एकेक करून सोडवली होती. काही कडांना हळद लागलेली होती.

म्हणजे आक्काताईंनी सुरी चालवेपर्यंत ती पानं या जगात कुणालाच वाचता आली नसती. हंबीररावांनाही नाही. आणि हे आक्काताईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. टाळ्या पडत होत्या तेव्हाही ठाऊक होतं. पाटावर बसून "तुमी वाचलासा?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्या उत्तर विचारत नव्हत्या. ते 'न्हाई' म्हणतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

हंबीररावांनी शाल काढून ठेवली. चष्मा पुसला. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा, कोपरा न चाखता, ते वाचायला बसले.

विहिरीचं प्रकरण सात पानांचं होतं. त्या बाईची पहिली मुलगी दहाव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नव्हतं. नाव नव्हतं म्हणून कुणाला तिच्याविषयी बोलताही येईना, काय म्हणून बोलणार? नवरा दुसऱ्या दिवशी कामाला गेला. सासू म्हणाली, पुढच्या वर्षी होईल. बाई रोज विहिरीवर जायची. तिला रहाटाला हात लावायची मुभा नव्हती, कुणीतरी येऊन घागरीत ओतेपर्यंत लांब थांबावं लागे. आसपास कुणी नसलं की ती तेवढ्यात काठावर वाकायची आणि मनात ठरवून ठेवलेलं नाव आत म्हणायची. विहीर ते परत म्हणायची. तेवढं एकच ठिकाण होतं जिथं त्या मुलीला कुणी नावानं हाक मारलेली तिला ऐकू यायची. घरात तिला ते नाव जन्मात कुणी विचारलं नाही.

हंबीररावांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. एकोणसत्तर साल होतं. दिवाळी नुकतीच झालेली, गुळाचा हंगाम तोंडावर. त्यांचीही पहिली मुलगीच होती. नऊ दिवसांची. तिला पोहोचवून आल्यावर दुसऱ्या सकाळी ते सौद्याला गेले होते, कारण हंगाम थांबत नाही. जाता जाता अंथरुणावरच्या बायकोला म्हणाले होते, "बारसंबी झालं न्हवतं. मनाला लावून घिऊ नगंस." त्यांना तेव्हा वाटलं होतं की आपण तिचं सांत्वन केलं. इतकी वर्षं तसंच वाटत होतं. पुढं दोन मुलगे झाले आणि तो विषय घरात निघाला नाही. तो निघत नाही म्हणजे मिटला, असं त्यांनी धरलं होतं. माणसाला लाज वाटायला एवढी वर्षं लागू शकतात, हे त्यांना त्या दुपारी कळलं, आणि ती एकदम सगळीच्या सगळी वाटली.

ते उठून स्वैपाकघराच्या दारात उभे राहिले. आक्काताई भाकऱ्या थापत होत्या.

"मी वाचलं न्हवतं," हंबीरराव म्हणाले.

"ठावं हाय."

"बाकीची बी न्हाई. धा-बारा तरी न्हाई."

"त्येबी ठावं हाय. दुपारचं पुस्तक तुमच्या छातीवर पालथं असतंय. मीच उचलून ठेवतोय रोज."

हंबीररावांनी चौकट धरली. "आत्ता वाचलं."

आक्काताईंचा हात पिठात थांबला नाही. "कुठवर?"

"हिरीपतोर."

भाकरी तव्यावर पडली. आक्काताईंनी तिच्यावर पाणी फिरवलं, दुसरा गोळा घेतला, आणि मग तो तसाच परातीत ठेवून दिला. हंबीरराव पुढं झाले. वाचनालयात, अडतीत, तालमीच्या कट्ट्यावर त्यांना कधी शब्द कमी पडला नव्हता. आता साधं एक वाक्य जुळवायला त्यांना इतका वेळ लागला, की तव्यावरची भाकरी फुगायला लागली.

"आपल्या पोरीचं," ते म्हणाले, "तू काय नाव ठरवली हुतीस?"

"एकुणतीस वर्सं झाली," आक्काताई म्हणाल्या. "त्याला बी दुसऱ्या बाईनं पुस्तक लिवायला लागलं." हे त्या रागानं म्हणाल्या, आणि राग पुरा झाल्यावर त्यांचे डोळे भरले. पिठाचा हात तसाच ठेवून त्यांनी मनगट डोळ्यांवरून फिरवलं.

मग त्यांनी नाव सांगितलं. ते त्यांनी इतकं हळू सांगितलं, की हंबीररावांना खाली वाकून कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. बारशाला पाळण्यातल्या लेकराच्या कानात नाव सांगतात, तसं. हंबीरराव वाकले ते वाकलेलेच राहिले, आणि पुन्हा एकदा सांग म्हणाले. आक्काताईंनी पुन्हा एकदा सांगितलं.

ते नाव इथं लिहीत नाही. ते त्या दोघांचं आहे, आणि त्यातल्या एकाला ते नुकतंच कळलंय.